प्लेटलेट द्यायला जाताय? मग मिसळ नको

पावसाळा लागला की पुण्यातल्या ग्रुपांवर मेसेज सुरू होतात: 'डेंग्यू पेशंट, एसडीपी अर्जंट'. एसडीपी म्हणजे एकाच दात्याकडून मशीनने काढलेल्या प्लेटलेट, रक्तस्राव थांबवणाऱ्या रक्तातल्या पेशी. लोक हातातलं काम टाकून धावतात, हे या शहराचं मोठेपणच. पण त्यातले काही जण फार साध्या कारणांनी परत पाठवले जातात आणि तिकडे पेशंटचे नातेवाईक पुन्हा फोन लावत बसतात. हे टाळता येतं.

सगळ्यात मोठा घोळ खाण्याचा. रिकाम्या पोटी गेलात तर चक्कर येते. पण तर्री मारलेली मिसळ किंवा बिर्याणी खाऊन गेलात तर ते तेल तूप काही तास रक्तात फिरत असतं. एरवी पिवळसर, आरपार दिसणारा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, ताकासारखा पांढुरका होतो. मशीनचे सेन्सर गोंधळतात, पिशवी बाद होऊ शकते. आदल्या रात्री साधं वरण-भात, सकाळी इडली किंवा कमी तेलाचे पोहे, एक कप दूध आणि भरपूर पाणी. पाणी कमी पडलं की शीर सापडत नाही.

मागच्या तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतली असेल तर ती लपवू नका. ॲस्पिरिनमुळे प्लेटलेट एकमेकींना नीट चिकटत नाहीत, मग पेशंटला त्यांचा उपयोग काय?

वय १८ ते ६०, वजन निदान ५० किलो, हिमोग्लोबिन १२.५ च्या वर, प्लेटलेटचा काउंट दीड लाखाच्या वर. आधी सॅम्पल घेऊन एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गुप्तरोग, मलेरिया तपासतात. त्यात वेळ जातो, म्हणून अर्धा दिवस मोकळा ठेवूनच निघा. मशीनवर एक ते दीड तास.

मशीन रक्त घेतं, फिरवून प्लेटलेट बाजूला काढतं आणि बाकीचं परत देतं. रक्त जाताना हातातला बॉल दाबत राहायचा, परत येताना सोडायचा. परत येणारं रक्त थोडं गार लागतं. रक्त गोठू नये म्हणून घातलेलं सायट्रेट शरीरातलं कॅल्शियम तात्पुरतं बांधून ठेवतं, त्यामुळे ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. अंगावर काढू नका, लगेच सांगा. वेग कमी करतात, कॅल्शियमची गोळी देतात, थोड्या वेळात बरं वाटतं. सुईपाशी ठणकायला किंवा सुजायला लागलं तरीही लगेच सांगा, कारण शीर फुटलेली असू शकते. मध्येच थांबावं लागलं तर हजारो रुपयांचं किट वाया जातं, ते दुसऱ्याला वापरता येत नाही. तरीही थांबवायला संकोच नको.

नंतर दहा मिनिटं सुईची जागा दाबून धरा, पंधरा-वीस मिनिटं बसा, मगच टू-व्हीलरला किक मारा. त्या दिवशी जिम नको. काउंट दोन-तीन दिवसांत भरून येतो. ४८ तासांनी पुन्हा देता येतात, पण आठवड्यात दोनदा आणि वर्षात २४ वेळा ही मर्यादा.

आता माझं आग्रहाचं म्हणणं. डेंग्यूत काउंट ४० हजारांवर आला की घरचे घाबरून दाता शोधायला लागतात. रक्तस्राव नसेल तर साधारण १० हजारांच्या खाली गेल्याशिवाय प्लेटलेट चढवत नाहीत. डॉक्टरांनी मागितल्याशिवाय मेसेज टाकू नका. खरी गरज वर्षभर असते ती केमो चालू असलेल्या कॅन्सर पेशंटना, आणि त्यांच्यासाठी सहसा मेसेज फिरत नाही. प्लेटलेटची पिशवी २० ते २४ अंशांवर, सतत हलणाऱ्या ट्रेवर ठेवली तरी जेमतेम ५ दिवस टिकते. एका दिवशी शंभर दाते येऊन भागत नाही, दर आठवड्याला थोडे थोडे लागतात. जवळच्या रक्तपेढीत नाव, रक्तगट आणि फोन नंबर देऊन ठेवा. दिवाळी आणि मे महिन्यात निम्मं पुणं गावाला गेलेलं असतं. तुम्ही इथेच असाल तर त्याच आठवड्यांतली तारीख मागून घ्या.