सशाला उपाशी ठेवू नका
‘विमानात बसवण्याआधी सशाला १२ तास उपाशी ठेवा, झोपेची गोळी द्या, म्हणजे उलटी होत नाही’ हा मेसेज फिरतोय. गेल्या आठवड्यात मीही तो पुढे ढकलला, चूक माझीच. सशाला मुळात उलटी करताच येत नाही. पोट रिकामं राहिलं की त्याची आतडी मंदावतात, लेंड्या पडेनाशा होतात आणि जिवावर बेततं. पेटीत वाळलेलं गवत भरपूर हवं. गुंगीचं औषध तर विमान कंपन्यांची संघटना आयाटाही टाळायला सांगते. आणि ऑस्ट्रेलियाला निघालेल्यांनो, तिथे पाळीव ससा फक्त न्यूझीलंडहून नेता येतो, भारतातून थेट नाही. तो जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तिथे हा खुलासा टाका.