तासांवरून व्यसन ठरत नाही

व्हॉट्सॲपवर सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे: जागतिक आरोग्य संघटनेने ‘मोबाईलचे व्यसन’ हा मानसिक आजार जाहीर केला आहे, रोज दोन तासांहून अधिक वेळ मोबाईल पाहणारे मूल व्यसनी समजावे, मोबाईलमुळे मेंदूवर कोकेनसारखाच परिणाम होतो, आणि मोबाईल काढून घेतल्यावर मूल चिडले, तर व्यसन सिद्ध झाले. माझ्या थोरल्या बहिणीने हे वाचून दहावीतल्या मुलाचा मोबाईल कपाटात कुलूपबंद केला, म्हणून याचे उत्तर देणे भाग आहे.

संघटनेने मोबाईलला आजार म्हटलेलेच नाही. मे २०१९ मध्ये मंजूर झालेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू असलेल्या ‘आयसीडी-११’ या तिच्या आजारांच्या वर्गीकरणात दारू व अमली पदार्थांच्या जोडीला वर्तनाची दोनच व्यसने नावानिशी दिली आहेत, ती म्हणजे जुगार आणि गेमिंग. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने तर २०१३ च्या ‘डीएसएम-५’ या मानसिक विकारांच्या वर्गीकरणात केवळ जुगाराला व्यसनांच्या प्रकरणात जागा दिली आणि इंटरनेट गेमिंगला आणखी अभ्यास हवा असलेल्या विकारांच्या यादीत ठेवले. गेमिंगचा विकार असतो, एवढे अर्धसत्य या संदेशात आहे, हे मान्य करावे लागेल. मात्र त्याला आजार ठरवण्यालाही काही संशोधकांनी उघड विरोध केला होता.

दोन तासांची अट कुठून आली, हे संदेश पाठवणाऱ्यालाच ठाऊक. आयसीडी-११ मध्ये निदानासाठी तासांची कोणतीही मर्यादा घातलेली नाही. खेळण्यावरचा ताबा सुटणे, खेळापुढे इतर आवडीनिवडी आणि रोजचे व्यवहार मागे पडणे, नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहणे किंवा वाढणे, आणि या साऱ्यामुळे घर, शिक्षण किंवा काम यांची गंभीर हानी होणे, असे चित्र साधारणपणे बारा महिने दिसावे लागते. लक्षणे तीव्र असतील तरच हा कालावधी कमी धरता येतो. त्यामुळे चार तास खेळूनही वेळेवर शाळेत जाणारा, मित्रांत मिसळणारा मुलगा या व्याख्येत बसत नाही.

सर्वांत घातक आहे ती चिडण्याची कसोटी. भाच्याच्या वर्गाचा गट, शिकवणीच्या सूचना, मित्रांशी बोलणे, सारे त्याच मोबाईलवर होते. ते एका रात्रीत बंद झाल्यावर तो ओरडला, जेवला नाही, आणि ताईने त्यालाच पुरावा मानले. या कसोटीतून कोणतेही मूल निर्दोष सुटू शकत नाही, कारण आपली वस्तू हिसकावून घेतल्यावर राग कोणालाही येतो. शिवाय मोबाईलमध्ये तोंड खुपसून बसण्यामागे कधी नैराश्य असते, कधी शाळेतला छळ असतो. ‘व्यसनी’ हा शिक्का बसला की त्याची चौकशी करायचेच राहून जाते.

कोकेनच्या तुलनेवर फार वेळ घालवण्याची गरज नाही. कोकेनमुळे मेंदूत वाढणारे डोपामाइन हे रसायन आवडते जेवण जेवताना आणि आवडते गाणे ऐकतानाही स्रवते. तेवढ्यावरून व्यसन ठरत नाही.

खरा संताप येतो तो या संदेशातून जे वगळले आहे त्याचा. वर्तनाच्या व्यसनांपैकी दोन्ही वर्गीकरणांनी निर्विवाद स्वीकारलेले व्यसन जुगाराचे आहे, आणि मोबाईलवर पैसे लावून रमी खेळणारा, हरलेले भरून काढण्यासाठी पुन्हा कर्ज काढून डाव मांडणारा, घरी खोटे बोलणारा कर्ता माणूस त्यात नेमका बसतो. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तरी आधीच जडलेली सवय कायद्याने सुटत नाही. अशा माणसाला किंवा गेमिंगपायी ज्याची शाळाच सुटली आहे अशा मुलाला मदत उपलब्ध आहे: बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी स्वतंत्र उपचारसेवा चालते, आणि शासनाच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे.