"पण आपल्यात ख्रिश्चन कोण आहे?"

आत्ताच सोसायटीच्या मीटिंगमधून आलेय आणि डोकं तापलंय. गच्चीवर पडदा लावून सिनेमा दाखवायचाय, गाण्यांचा असावा, आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना बसून बघता यावा, असं ठरत होतं. मी म्हटलं, 'नाचुंया कुंपासार' दाखवू, परवानगीचं मी बघते. सेक्रेटरी म्हणाले, "कोंकणी ना तो? पण आपल्यात ख्रिश्चन कोण आहे? सी विंगला एकच फॅमिली." झालं. पुढचा विषय, टाकीची सफाई.

दरवर्षी गोव्याला जायचं, मंगेशीला अभिषेक करायचा, बांगडे हाणायचे, येताना काजूची पाकिटं. आणि तिथल्या माणसांनी जीव ओतून केलेला सिनेमा मात्र 'त्यांचा'! वा रे वा.

मी तो मडगावला बघितला. थिएटरात नाही, एका हॉलमध्ये. शेजारी सत्तरी ओलांडलेले एक आजोबा. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात चष्म्याचं घर. गाणं सुरू झालं की त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं खुर्चीच्या हातावर खालीवर व्हायची. मला वाटलं, ठेका धरतायत. दुसऱ्या गाण्याला कळलं, ठेका नाही, ट्रम्पेटच्या तीन कळा आहेत त्या.

सिनेमाचे दिग्दर्शक बार्डरॉय बार्रेटो मूळ गोव्याचे, मुंबईत जाहिराती करणारे. पाठीशी बडा स्टुडिओ नाही. लोकांकडून पैसे उभे केले आणि गोव्याचे संगीतकार ख्रिस पेरी यांची साठ-सत्तरच्या दशकातली वीसेक गाणी नव्याने वाजवून घेऊन त्यांवर सिनेमा रचला. लॉरी हा बँडवाला, डोना ही त्याने गायिका म्हणून हेरलेली पोरगी. ख्रिस पेरी आणि त्यांची गायिका लोर्ना यांच्यावरून सुचलेली गोष्ट, हे गोव्यात कोणाला सांगावं लागत नाही. सर्वोत्कृष्ट कोंकणी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पण पुरस्कार राहू दे बाजूला. हॉलमधल्या बायका पडद्याबरोबर गात होत्या, पूर्ण कडवीच्या कडवी! असं मी आपल्याकडे फक्त आरतीला बघितलंय.

हो, नायिका पालोमी घोष बंगाली आहे. कोंकणी शिकून केलंय तिने. लॉरीचं वागणं मलाही डाचलं, आणि शेवट काही हसरा नाही. मान्य. तरी बाहेर पडताना पाय जमिनीवर नव्हते, त्याला काय करू?

खरा राग वेगळाच आहे. आमचे हेच सेक्रेटरी दर कोजागिरीला 'भोली सूरत दिल के खोटे' म्हणतात. छान म्हणतात, खोटं कशाला बोलू. 'अलबेला', 1951, आपले अण्णा चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र. पण अण्णांबरोबर तेव्हा चिक चॉकलेट होते, गोव्याचे, ट्रम्पेटवाले. त्या सिनेमात बँड घेऊन पडद्यावरही दिसतात. गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस लक्ष्मीकांत-प्यारेलालमधल्या प्यारेलालना व्हायोलिन शिकवत होते, तर सबॅस्टियन डिसोझा शंकर-जयकिशनची गाणी अरेंज करत होते. आपण आयुष्यभर गुणगुणलेल्या गाण्यांत ही माणसं बसलीत, आणि आपण विचारतो, ख्रिश्चन कोण आहे?

दिवे लागल्यावर आजोबांनी विचारलं, कुठून आलात? ठाण्याहून, म्हटल्यावर एकदम हिंदीत सुरू झाले. मुंबईत होते म्हणे अकरा वर्षं, रेकॉर्डिंगला वाजवायचे. मी अधाशासारखं विचारलं, कुठली गाणी? ते हसले. "मालूम नहीं. पेपर सामने आता था, बजाता था. पिक्चर का नाम कौन पूछता?" बोटं अजून चालूच होती, गाणं संपून पाच मिनिटं झाली तरी.

हे लिहिता लिहिता राग बराच उतरलाय. सेक्रेटरी वाईट माणूस नाही, लिफ्ट बंद पडली की रात्री दोनला उठून येतो. त्याला माहीत नाही एवढंच. मलाही त्या हॉलमध्ये बसेपर्यंत कुठे माहीत होतं?

तर पुढच्या मीटिंगला मी परत हाच सिनेमा सुचवणार. सी विंगच्या काकूंना आत्ताच फोन केला, त्या डुकराच्या मटणाचं सोरपोतेल करून आणते म्हणाल्या. शाकाहारी लोकांचं काय करायचं ते नंतर बघू. आणि कोजागिरीला सेक्रेटरींनी 'अलबेला' सुरू केलं, की मी मध्येच थांबवून विचारणार आहे, बँडात कोण होतं? दूध उतू गेलं तरी चालेल.