साताऱ्यात सपाट जागा असेल तर सांगा

सातारा वसवताना कुणाच्याच डोक्यात स्केटिंग नव्हतं हे एकदा मान्य करून टाकू. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला गाव, त्यामुळे इथं पत्ता सांगताना डावीकडे-उजवीकडे कुणी म्हणतच नाही, "जरा वर जावा" नाहीतर "खाली उतरा", झाला पत्ता. मेन रस्ते दोन, त्यातला एक वरचा रस्ता आणि दुसरा खालचा रस्ता. चालायला, पळायला गाव एक नंबर, हिल मॅरेथॉनला अख्खा महाराष्ट्र यवतेश्वरचा घाट चढायला हौसेनं पैसे भरून येतो. आणि अशा गावात आमच्या कन्येनं एका संध्याकाळी जेवताना जाहीर केलं, मम्मी मला हॉकी खेळायचीय, चाकांवरची.

ह्याचं मूळ मोबाइलमध्ये. 2025 ला आपल्या बायकांच्या आइस हॉकी टीमनं यूएईत आशिया कपचं ब्राँझ आणलं, त्यात लडाखच्या पोरी, त्यांचा व्हिडिओ हिनं बघितला. पहिली मागणी थेट बर्फाचीच होती. "महाबळेश्वर जवळच आहे की, पेपरात येतं ना दर वर्षी बर्फ पडला म्हणून." आता तिला काय सांगायचं, की वेण्णा लेकला जे पडतं ते गोठलेलं दव असतं, लोक पहाटे उठून जीपच्या टपावरनं ते नखानं खरवडतात, पानावर ठेवून फोटो काढतात, आणि ऊन आलं की संपला विषय, त्यावर स्केटिंग सोडा, सरबत पण होत नाही. मग कळलं की बर्फ नसलेल्यांसाठी इनलाइन हॉकी असते. बर्फाच्या जागी गुळगुळीत फरशी, पात्याच्या जागी एका रेषेत चार चाकं, बाकी स्टिक तीच, धडकाधडकी जरा कमी. म्हणलं चला, महाबळेश्वरचं पेट्रोल तरी वाचलं.

घरात ठराव मांडल्यावर सासऱ्यांनी जिल्ह्याचा इतिहास काढला. खाशाबा जाधवांनी 1952 ला हेलसिंकीत मेडल मिळवलं, त्यांना काय चाकं होती का? ललिता बाबर माणदेशातली, 2016 ला रिओला स्टीपलचेसच्या फायनलमध्ये पळाली, स्वतःच्या पायांवर. आणि ती अदिती स्वामी, आपल्या साताऱ्याची, 17 वर्षांची असताना 2023 ला बर्लिनमध्ये तिरंदाजीत वर्ल्ड चॅम्पियन झाली, ते पण एका जागी उभं राहून! "धनुष्यबाण घेऊन द्या पोरीला, पडायचा प्रश्नच नाही." मला मुद्दा शंभर टक्के पटला होता, पण कन्येनं ज्या नजरेनं बघितलं त्यानंतर आम्ही दोघंही गप्प बसलो.

तर स्टिक. दुकानात जाऊन हॉकी स्टिक म्हणलं की दुकानदार जी काढतो ती ध्यानचंद वाली, त्यात त्याची काही चूक नाही. मी म्हणलं ही नको, चाकांवरच्या हॉकीची. तो म्हणाला, "वहिनी, चाकं पायाला लावायची ना, मग स्टिक तीच की." आता झालंय असं की ह्या विषयावर आईचा अभ्यास पोरीपेक्षा जास्त होतो, कारण पैसे आईला मोजायचे असतात. मैदानी हॉकीची स्टिक एकाच बाजूनं सपाट, आणि डावखुऱ्यांची वेगळी नसतेच, सगळ्यांनी गपगुमान उजवीच वापरायची. मग रोलर हॉकी, ती दोन पुढे दोन मागे अशा चार चाकांच्या क्वाड स्केट्सवर, चेंडूनं, स्टिक आखूड आणि दोन्ही बाजूंनी सपाट. आणि इनलाइन हॉकी एका रेषेतल्या चाकांवर, पकनं म्हणजे चपट्या चकतीनं, स्टिक लांब, खालचं पातं डावीकडे नाहीतर उजवीकडे वळवलेलं. रोलरवाले आणि इनलाइनवाले एकाच फेडरेशनखाली येतात, पण एकाचं सामान दुसऱ्याला लागत नाही. दुकानदारानं हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "कॅरम बोर्ड दाखवू का?"

म्हणजे ऑनलाइनच. पण ऑनलाइन पहिलाच प्रश्न, लेफ्ट का राइट? उजव्या हातानं जेवतो म्हणजे राइट, इतकं सोपं नाही ते, खालचा हात कुठला ठेवता त्यावर ठरतं. डावा खाली असला तर लेफ्ट, आणि उजव्या हातानं लिहिणारी कितीतरी माणसं लेफ्ट निघतात. हे ठरवायला तिच्या हॉकीच्या सरांनी युक्ती सांगितली की पोरांना काही न सांगता हातात लांब दांड्याचा झाडू द्यायचा आणि कुठला हात खाली जातो ते बघायचं. आमच्याकडे खराटा होता. अंगण झाडायला लावलं, उजवा खाली. दुसऱ्या दिवशी डावा. म्हणलं अजून नीट बघायला पाहिजे, घाई नको, हजारो रुपयांचा प्रश्न आहे. पुढचे बरेच दिवस अंगण असं लख्ख होतं की सासूबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, तुम्हाला नक्की काय ठरवायचंय? मला खरं तर अजून महिनाभर चाललं असतं. निघाली लेफ्ट.

मग लांबी. नुसत्या पायांवर उभं राहून स्टिक नाकापर्यंत यावी, स्केट्स घातल्यावर हनुवटीपर्यंत. सासूबाईंचं म्हणणं वाढत्या अंगाची घ्या, कपाळापर्यंत, वाटलं तर कापू. कापता येते हे खरं. पण स्टिकवर एक आकडा असतो, फ्लेक्स, म्हणजे दांडा एक इंच वाकवायला किती पाउंडाचा जोर लागतो ते. मुलांना अंदाजे वजनाच्या निम्मा आकडा बघायचा, वजन पण पाउंडातच धरायचं, आणि दांडा कापला की तो अजून कडक होतो, पोरीच्या हातात वाकतच नाही. हे मी घरात समजावून सांगत होते तेवढ्यात अहो स्टिक घेऊन सुतारमामांकडे पोचले पण होते. मामांनी करवत ठेवली, दांडा हातात घेऊन दोन्हीकडनं बघितला, नख मारलं, गुडघ्यावर जरासा वाकवला आणि म्हणाले, "फावड्याचाय का? लय हलका हाय वो, ह्यो मोडंल. बाभळीचा घालून देतो, नातवंडं वापरतील." कसंबसं त्यांना थांबवलं. टोकाचं चार बोटं कापलं, पैसे घेतले नाहीत. म्हणाले पोरीनं मेडल आणलं की या.

स्केट्सची गोष्ट वेगळी, तिथं आपल्या अख्ख्या संस्कृतीशीच भांडण आहे. आपल्याकडे लहान मुलाला मापाचा बूट कधी कुणी घेतलाय? एक नंबर मोठा, पुढं कापूस, दोन वर्षं निघतात. इथं उलटं, हॉकीचे स्केट्स नेहमीच्या बुटाच्या नंबरापेक्षा एक-दीड नंबर कमीच लागतात, बोटं पुढं नुसती टेकली पाहिजेत, सैल झाला की घोटा आतल्या आत वळतो आणि पोर आडवं. म्हणजे पोरीचा पाय सहा महिन्यांत वाढणार हे माहीत असून बरोब्बर मापाचा, तोही असा महागाचा बूट घ्यायचा, आणि हे सासूबाईंच्या समोर बॉक्स उघडून घालून बघायचं. त्या काही बोलल्या नाहीत. फक्त "घट्ट होतोय का गं बाळा?" हे तासाभरात इतक्यांदा विचारलं की कन्या शेवटी बूट घालूनच पळून गेली. पळून म्हणजे कॉटपासून कपाटापर्यंत, तिथं कपाटानं धरली.

आणि तेव्हा कळलं की ह्याला ब्रेक नाही.

साधे हौशी इनलाइन असतात त्यांना मागं टाचेला रबराचा ब्रेक असतो, क्वाडला पुढं चवड्याला ठोकळा असतो. हॉकीवाल्यांना काहीच नाही, कारण खेळताना तो ब्रेक पायात अडकतो. थांबायचं कसं तर एक पाय मागं आडवा घासत न्यायचा, नाहीतर दोन्ही पाय झटक्यात वळवायचे. हे शिकायला साधारण एक हिवाळा लागतो असं सर म्हणाले. मी घराबाहेर बघितलं. आमच्या दारातनं रस्ता जो सुटतो तो डायरेक्ट खालच्या चौकापर्यंत.

इथून पुढं माझं आयुष्य म्हणजे सपाट जागा शोधणं. पहिल्यांदा बिल्डिंगचं पार्किंग. पार्किंगला पेव्हर ब्लॉक. ज्यानं कुणी पेव्हर ब्लॉक शोधून काढला त्याला चाळीस फूट त्यावर स्केटिंग करायला लावलं पाहिजे, खडी फोडायचं मशीन पोटात बसवल्यासारखं होतं, पोरगी "मम्मी" म्हणायला गेली तर त्यातनं सात-आठ म बाहेर पडायचे. मग डांबरी रस्ता, तर चाकं झिजली. मग पुन्हा अभ्यास. चाकांवर 78ए, 85ए असं काहीतरी छापलेलं असतं, आकडा लहान तेवढं चाक मऊ, मऊ चाक आतल्या गुळगुळीत फरशीवर धरून ठेवतं, आणि खरखरीत रस्त्याला कडक पाहिजे. म्हणजे चाकांचे सेट दोन. अहो म्हणाले, गाडीला सुद्धा मी उन्हाळ्याचे पावसाळ्याचे वेगळे टायर घेत नाही.

कुणीतरी सांगितलं की एनए प्लॉटिंगवर जा. आणि खरंच, अफाट जागा! गावाबाहेर कोरेगाव रोडला, एमआयडीसीच्या पलीकडं, जिकडं तिकडं कमानी उभ्या, आत नवीकोरी डांबरी, दिव्याचे खांब, दोन्ही बाजूला नारळाची रोपं, आणि माणूस एक नाही. गाड्या नाहीत, कुत्री नाहीत, उतार असला तरी पोटात घेण्याइतका. पहिल्या रविवारी पोरगी सुसाट सुटली आणि मी खांबाला टेकून चहाचा थर्मास उघडतीय तोवर एक पांढऱ्या शर्टातले गृहस्थ फाइल घेऊन हजर. "या मॅडम, दोन गुंठ्यांपासून सुरुवात आहे, कॉर्नरचा दाखवू?" मी म्हणलं नाही हो, मुलगी खेळतीय. ते म्हणाले, "तेच म्हणतोय मी, मुलांना खेळायला जागा पाहिजेच, म्हणून तर लोक घेतात." नंबर घेतला. तेव्हापासून दर रविवारी आम्ही संभाव्य गिऱ्हाईक म्हणून रिंकवर प्रवेश मिळवत होतो. नवऱ्यानं सातबारा मागून वेळ काढायचा, मी पाण्याची लाइन कुठून येते विचारायचं, तोवर पोरीचं एक प्रॅक्टिस सेशन पूर्ण. दर महिन्याला भाव वाढत होता आणि आम्हाला खरोखरच वाईट वाटायला लागलं होतं की सुरुवातीलाच घ्यायला पाहिजे होता.

मग पावसाळा आला. साताऱ्याचा पाऊस माहितीच आहे, भिजलेल्या रस्त्यावर चाक धरत नाही आणि बेअरिंगला गंज चढतो. एका स्केटला चार चाकं, एका चाकात दोन बेअरिंग, दोन्ही पायांची मिळून सोळा. ती सगळी काढून, रॉकेल आता मिळत नाही म्हणून पेट्रोलमध्ये धुवून, कापडावर वाळवून, एकेक थेंब शिलाई मशीनचं तेल सोडून परत बसवायची. हे काम अहोंनी हौसेनं अंगावर घेतलं, बोटावर एकेक बेअरिंग ठेवून टिचकी मारायची आणि कानाशी धरून ऐकायचं, घरघर आली की परत वाटीत. वाटी सासूबाईंच्या पंचामृताची होती. त्यावर घरात जे झालं ते इथं लिहीत नाही. दोन बेअरिंग कामातनं गेली म्हणून एमआयडीसीतल्या दुकानात गेले, 608 नंबर पाहिजे म्हणलं, त्यानं लगेच काढून दिलं, भोक 8 मिलिमीटर, बाहेरनं 22, सगळ्या बारक्या मोटरींना हेच लागतं म्हणे. "कुठली मोटर गेली, मिक्सरची का?" म्हणलं पोरीची. त्यानं वर पण बघितलं नाही. "गॅरंटी नाही हां ताई."

पावसाळ्यात वाचवलं ते मंगल कार्यालयानं. चातुर्मासात मुहूर्त नसतात, हॉल रिकामा, फरशी काय वर्णावी, आरशात बघून पावडर लावावी अशी. सरांनी मॅनेजरना पटवलं, कडेनं प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या थप्प्या लावल्या, झाली बाउंडरी. स्टेजवर नवरा-नवरीच्या सोफ्यावर आम्ही पालक. खऱ्या रोलर हॉकीचं रिंक 40 बाय 20 मीटर असतं, हे निम्मंही नव्हतं आणि मधोमध दोन खांब, पण पोरांनी खांबांना डिफेंडर धरलं. सगळं सुरळीत चाललेलं, पण हल्ली काढीव मुहूर्त फार निघालेत. श्रावणात कुणाचंतरी घाईघाईत लग्न लागलं आणि दुसऱ्या दिवशी आमची पोरगी अख्ख्या हॉलमधून पक घेऊन सुसाट येत होती, समोर गोल मोकळा, आणि चाकाखाली आली एक अक्षता. एकच तांदूळ, हळदीकुंकवातला. चाक जागच्या जागी थांबलं, पोरगी थांबली नाही. कोपर फुटलं, हेल्मेट होतं म्हणून बाकी सगळं जागेवर. तेव्हापासून प्रॅक्टिसच्या आधी सगळे पालक ओळीनं बसून फरशीवरचे तांदूळ वेचतात, आणि मी कालनिर्णय उलटीकडनं वाचायला लागले, ज्या दिवशी मुहूर्त नाही तो आमचा शुभ दिवस.

आता तुळशीची लग्नं झाली, हॉल पुढचे कितीतरी महिने बुक. एका पालकांचं खताचं गोडाऊन आहे, फरशी कोब्याची पण घोटीव, एका अंगाला पोत्यांची थप्पी, वास जरा आहे. त्यांची अट एकच, त्यांच्या चिरंजीवाला गोलकीपर करायचं, कारण त्याला पळायचा कंटाळा आहे. सर हो म्हणाले. आणि मग सरांनी गोलकीपरला काय काय लागतं त्याची यादी ग्रुपवर टाकली, पायाला जाड पॅड, छातीला वेगळं, एका हातात कॅच करायचा ग्लोव्ह, दुसऱ्यात ब्लॉकर, जाळीचं हेल्मेट, आणि रुंद पात्याची स्टिक, जी आपल्या स्टिकपेक्षा वेगळी. तर त्याच्या आईचा मला कालच फोन आला, ताई तुम्हाला ह्यातलं सगळं माहितीय ना, तर एवढं सांगा, पोरगा गोलात उभा राहून कुठल्या हातानं झाडतो हे कसं बघायचं? मी म्हणलं आमच्याकडे पाठवून द्या. खराटा आहे, आणि अंगणात पानं पण भरपूर पडलीत.