मालकाच्या वकिलावरचे चार आरोप

माझी भाची विधी शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. परवा तिनं एक मेसेज पाठवला. वकिलांच्या आणि विद्यार्थ्यांच्या ग्रुपांवर तो बरेच दिवस फिरतोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं : कंपनीच्या बाजूनं कामगार खटले लढवणारा वकील सद्सद्विवेक विकून बक्कळ कमावतो, कायदा त्याच्या खिशात असतो, मालक सांगेल ते तो लिहून देतो आणि त्याला येतं ते एकच, तारखा पाडून कामगाराला दमवणं. खाली तिचा प्रश्न, "मावशी, हे खरंय का गं?"

ठाण्याच्या कामगार आणि औद्योगिक न्यायालयांत मी अठरा वर्षं व्यवस्थापनाकडून उभी राहते. तिला जे सांगितलं ते इथेही लिहिते, कारण हा मेसेज वाचून मुलं हे क्षेत्र सोडून देताहेत.

कायदा खिशात असल्याची गोष्ट आधी घेऊ. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याचं (नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा औद्योगिक संबंध संहितेनं घेतली) कलम ३६ मेसेज लिहिणाऱ्यानं बहुधा उघडलेलं नाही. समेट अधिकाऱ्यासमोर, म्हणजे तडजोड घडवून आणणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यासमोर, वकिलाला उभंच राहता येत नाही. न्यायाधिकरणात उभं राहायचं तर समोरच्या पक्षाची संमती आणि न्यायाधिकरणाची परवानगी, दोन्ही लागतात. म्हणजे मी बोलायचं की नाही हे युनियन ठरवू शकते. मालक संघटनेचा पदाधिकारी म्हणून वकिलाला येण्याची वाट सर्वोच्च न्यायालयानं १९७६ साली मोकळी ठेवली हे खरं, पण मूळ अट तशीच राहिली. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी २०१३ चा कायदा आला, त्याच्या नियमांनुसार तक्रार समितीसमोर कोणत्याच पक्षाला वकील नेता येत नाही. आणि आपल्या राज्याचा १९७१ चा कायदा, ज्याखालच्या तक्रारीला आम्ही सगळे 'यूएलपी' (अनफेअर लेबर प्रॅक्टिस, म्हणजे अनुचित कामगार प्रथा) म्हणतो, त्याच्या चौथ्या अनुसूचीत मालकाच्या अनुचित प्रथांची यादीच दिलेली आहे. माणसाला वर्षानुवर्षं बदली (दुसऱ्याच्या जागी तात्पुरता) किंवा हंगामी म्हणून राबवून कायम कामगाराचे हक्क नाकारणं, हे त्या यादीत स्पष्ट शब्दांत आहे. माझ्या पक्षकारांविरुद्ध सर्वांत जास्त वेळा पुढे येणारा मुद्दा हाच, आणि त्यात आम्ही हरतोही.

बक्कळ कमाईचं फार लांबवत नाही. मोठ्या फर्मांमध्ये पैसा आहे. जिल्ह्याच्या कामगार न्यायालयात ज्युनिअरची पहिली काही वर्षं फायली वाहण्यात आणि लोकलच्या पासात जातात. 'जिंकलो तर इतके टक्के' असा सौदा करायला तर बार कौन्सिलच्या नियमांनीच मनाई आहे.

मालक सांगेल ते लिहून देतो, हा आरोप मात्र मला लागतो. वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कारखान्याचे मालक एकदा बडतर्फीचं पत्र टाइप करूनच माझ्याकडे आले होते. मशीनवरच्या एका ऑपरेटरनं सुपरवायझरला शिवी दिली होती, आणि त्यांना तो संध्याकाळपर्यंत बाहेर हवा होता. मी म्हटलं, हे पत्र आज निघणार नाही. आधी चार्जशीट, उत्तराला वेळ, मग चौकशी. तिथे तुमच्या साक्षीदाराची उलटतपासणी त्याचा प्रतिनिधी घेणार. निलंबित केलंत तर पहिले ९० दिवस निम्मा पगार निर्वाहभत्ता म्हणून द्या, पुढे चौकशी त्याच्यामुळे रेंगाळली नसेल तर ७५ टक्के. एवढं सगळं नीट पार पडलं तरी औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ११अ खाली न्यायालय शिक्षा कमी करू शकतं. ते चिडले, दोन दिवस फोन उचलला नाही. शेवटी चौकशी झाली. उलटतपासणीत सुपरवायझरनं कबूल केलं की आईवरून पहिली शिवी त्यानंच दिली होती. ऑपरेटरला लेखी ताकीद मिळाली आणि तो दुसऱ्या दिवशी मशीनवर उभा राहिला. या प्रकरणाचा कुठल्याही न्यायालयात नंबर पडलेला नाही. माझं अर्धं काम असंच असतं, आणि ते बाहेर कुणाला दिसत नाही.

आता तारखा. यात तथ्य आहे, आणि ते मी झाकणार नाही. कंपनीनं केलेली चौकशी योग्य होती का, हा प्राथमिक मुद्दा म्हणून आधी चालवायचा, त्यावरच्या निर्णयाला उच्च न्यायालयात आव्हान द्यायचं, आणि मूळ खटला तोवर खालीच पडून. हे होतं. प्राथमिक मुद्द्यांच्या आडून खटले रखडवण्यावर सर्वोच्च न्यायालयानं १९८३ मध्येच कडक शब्दांत बोट ठेवलं होतं. माझ्याच बाजूचे काही वकील आजही ते करतात, आणि मला त्याची लाज वाटते.

पण याला कौशल्य म्हणणाऱ्यानं एकदा हिशेब मांडावा. १८,००० रुपये पगार आणि दहा वर्षं नोकरी झालेल्या कामगाराला कायदेशीरपणे कामावरून कमी करायचं तर एक महिन्याची नोटीस आणि दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार, म्हणजे साधारण १ लाख ८ हजार. हे न देता त्याला गेटवर अडवलं, खटला आठ वर्षं चालला आणि पूर्ण मागील पगार, म्हणजे कामाबाहेर काढलेल्या काळाचा पगार, मंजूर झाला, तर १७ लाख २८ हजार. बेकायदा काढलेल्या माणसाला पुन्हा कामावर घेताना पूर्ण मागील पगार हाच सर्वसाधारण नियम, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेच्या प्रकरणात सांगितलं. वर उच्च न्यायालयात गेलात आणि त्याला दुसरीकडे नोकरी नसेल, तर निकालापर्यंत शेवटचा पगार चालू ठेवावा लागतो. तारखा पाडणारा वकील कामगाराला दमवतोच, पण बिल आपल्या पक्षकाराच्या नावावर चढवत असतो. मी पहिल्याच भेटीत मालकासमोर हे आकडे कागदावर लिहून ठेवते. पुष्कळ जण तिथेच तडजोडीला तयार होतात.

तरीही कधी तारीख मागावीच लागते. साक्षीदार मॅनेजर नोकरी सोडून गेलेला असतो, जुनी हजेरी पुस्तकं सापडत नाहीत. शहापूरहून आलेला एक कामगार अशा वेळी मला म्हणाला होता, "मॅडम, माझा आज खाडा झाला." तेव्हापासून तारीख मागायची असेल तर समोरच्या वकिलांना आदल्या दिवशीच फोन करते, म्हणजे त्या माणसाला यावंच लागत नाही. निरोप उशिरा गेला आणि तो आलाच, तर त्याचा बुडालेला पगार आणि गाडीभाडं माझ्या पक्षकारानं द्यावं, असं मी स्वतःच न्यायालयाला सांगते.

भाचीला पुढच्या मंगळवारी एका उलटतपासणीला बसायला बोलावलंय.