१६५ की १८०? टर्कीवरच्या एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार काका,

प्रतिक्रियेखाली तुम्ही ‘तुझा एक काका’ एवढीच सही केलीत, तेव्हा मीही काकाच म्हणते. थँक्सगिव्हिंग या अमेरिकेतल्या नोव्हेंबरातल्या सणाला अख्खी भाजतात त्या टर्कीवरचा (कोंबडीसारखाच, पण बराच मोठा पक्षी) माझा लेख तुम्ही वाचलात, त्याबरहुकूम टर्की केलीत आणि मग माझी बिनपाण्याने केलीत. उत्तर लिहायला बसले तर ते प्रतिक्रियेच्या चौकटीत मावेना, म्हणून इथे वेगळं टाकते आहे.

बाकीच्यांसाठी काकांचं म्हणणं थोडक्यात असं: ते ऐंशीच्या दशकापासून अमेरिकेत टर्की भाजताहेत आणि शेजारच्या बाईंनी शिकवल्याप्रमाणे कायम १८० अंशांपर्यंत नेतात. यंदा माझं ऐकून १६५ ला काढली. पाहुणे ताटावर बसलेले, सुरी मांडीत घातली आणि हाडापाशी मांस गुलाबी. टर्की परत ओव्हनमध्ये, पाहुणे बटाट्यावर. ‘तू लोकांना आजारी पाडशील. आपल्या आया काय थर्मामीटर लावून कोंबडी रांधत होत्या?’ हा त्यांचा सवाल. शिवाय कोंबडी धुवू नका हे वाचून त्यांना शिसारी आली, ते वेगळंच. (अंश सगळे फॅरनहाइट. पुण्या-नाशिकच्या वाचकांसाठी: १६५ म्हणजे सुमारे ७४ सेल्सियस, १८० म्हणजे ८२.)

आधी १८० चं बघू, कारण तिथे तुमचं काही चुकलेलं नाही. तो आकडा त्या शेजारणीने मनाने काढलेला नव्हता. अमेरिकेचं कृषी खातंच पूर्वी अख्ख्या पक्ष्यासाठी मांडीत १८० आणि नुसत्या छातीसाठी १७० सांगायचं. २००६ मध्ये त्यांनी ते बदलून कोंबडी, टर्की, बदक, अख्खं असो की तुकडे, सगळ्यांना किमान १६५ असा एकच आकडा दिला. जंतू बदलले नाहीत. आधीच्या आकड्यात रंग, पोत, लोकांना काय ‘शिजलेलं’ वाटतं हे सगळं मिसळलेलं होतं. नव्यात फक्त सुरक्षितता आहे. जुन्या पाककृती आणि शेजारणी अजून १८० च सांगतात, त्यात नवल नाही.

पण जंतू मरणं हे एका आकड्यावर बटण दाबल्यासारखं होत नाही. तापमान आणि वेळ दोन्ही मिळून काम करतात. याच खात्याचे मांस शिजवणाऱ्या कारखान्यांसाठीचे तक्ते आहेत. त्यात कसोटी अशी की कच्च्या कोंबडीतून पोट बिघडवणाऱ्या साल्मोनेला या जंतूंपैकी एका कोटीतला जेमतेम एक उरावा. १६५ ला हे काम तत्क्षणी होतं. १६० ला अर्ध्या मिनिटाच्या आत, आणि १५० ला मांसाचा गाभा पाचेक मिनिटं तेवढाच तापलेला राहिला तरी होतं. घरच्या स्वयंपाकात घड्याळ लावून गाभ्याचं तापमान कोण धरून बसणार, म्हणून सर्वांना कळेल असा १६५ सांगतात. चौदा पौंडांची टर्की ओव्हनमधून बाहेर काढली की बाहेरच्या थरातली उष्णता आत सरकत राहते आणि छातीचा आकडा आणखी पाच-दहा अंश चढतो. म्हणून मी छाती १६० ला काढा म्हटलं. त्यातही थर्मामीटर आतच राहू द्यायचा आणि १६५ दिसल्याशिवाय सुरी लावायची नाही. नाही चढला, तर परत आत. घरात गरोदर बाई, लहान मूल किंवा केमोथेरपी चालू असलेलं कुणी असेल तर मीसुद्धा ओव्हनमध्येच १६५ पाहते आणि मगच काढते.

आता तुमची मांडी. म्हणजे टर्कीची.

लेखात दोन आकडे होते, काका. छाती १६०, मांडी १७५. तुम्ही लिहिता, ‘छातीत खुपसून बघितलं, १६५ होतं, काढली.’ मांडीत किती होतं ते प्रतिक्रियेत कुठेच नाही. गुलाबी होतं एवढंच आहे, आणि नुसत्या रंगावरून ती कच्ची होती की नव्हती हे मी काय, कुणीच सांगू शकणार नाही. हल्लीच्या टर्क्या चार-पाच महिन्यांच्या आतच कापलेल्या असतात. एवढ्या कोवळ्या पक्ष्याची हाडं पुरती घट्ट झालेली नसतात, आतल्या मज्जेचा लाल रंग भाजताना बाहेर झिरपतो, आणि १७५ ला पोचलेली मांडीसुद्धा हाडाशी गुलाबी, कधी जांभळट दिसते. उलट बाजूही खरी आहे: मांस पांढरं पडलं, रस स्वच्छ वाहिला, तरी आत १५० च्या खाली असू शकतं. शंका आली तेव्हा तुम्ही परत ओव्हनमध्ये घातलीत, ते बरोबरच केलंत. मोजलेलं नसताना तेच करायचं.

मांडीला १६५ पुरत नाही, याचं कारण जंतू नव्हे. तिथे १६५ ला खायला धोका नसतो, पण ती रबरासारखी लागते. पाय दिवसभर चालतात, त्या स्नायूंमध्ये चिवट पडदे जास्त, आणि ते विरघळून लुसलुशीत व्हायला १७५-१८० आणि थोडा वेळ लागतो. छातीचं नेमकं उलट. या पक्ष्याला उडायचंच नसतं, छाती मात्र वजनासाठी पैदाशीतून फुगवलेली, चरबी नाही, पडदे नाहीत. १५० च्या पुढे तिचे धागे आकसून पाणी पिळून टाकायला लागतात आणि १८० ला चोथा होतो. मग त्यावर ग्रेव्ही ओता, क्रॅनबेरी ओता. एकाच धडाच्या दोन भागांना दोन वेगळी तापमानं हवी आहेत आणि ओव्हन दोघांनाही एकच हवा देतो. टर्कीची सगळी अडचण ही एवढीच आहे. तुमचे १८० मांडीसाठी उत्तम होते. इतकी वर्षं तुमच्या पाहुण्यांनी छाती कशी गिळली, हे काकूंना विचारायला हवं.

म्हणूनच आयांचा मुद्दा. तो तुम्ही रागात लिहिलात, पण प्रतिक्रियेतला सगळ्यात चांगला मुद्दा तोच आहे. आपल्या आया थर्मामीटर लावत नव्हत्या, कारण त्यांना गरज नव्हती. तुम्ही तांबड्या रश्श्याचा दाखला दिलात, तोच घेऊ. कोंबडीचे दोन-दोन इंचांचे तुकडे, उकळता रस्सा, वर झाकण आणि झाकणावर पाणी. उकळतं पाणी २१२ अंशांवर असतं. अर्ध्या तासात तुकडा गाभ्यापर्यंत १९० च्या वर गेलेला असतो. तिथे साल्मोनेलासारखा जंतू उरायचा प्रश्नच येत नाही. प्रश्न फक्त मऊ झालं का हा असतो, आणि तो बोटाने दाबून, हाड सुटतंय का बघून, उत्तम कळतो. त्यातून गावठी कोंबडी, वर्ष-दोन वर्षांची, अंगणभर पळालेली, सगळीकडूनच चिवट. तिला जास्त शिजवणं अवघड. छातीचा तुकडा कोरडा झाला तरी तो रश्श्यातच बसलेला, भाकरीबरोबर चुरून खाल्ला जाणार. कुणाच्या लक्षातही येत नाही. आयांचा अंदाज अचूक होता, पण तो त्या पातेल्यातला अंदाज होता. चौदा पौंडांचं अखंड धड, कोरडी हवा, हाडांच्या सापळ्यात पोकळी आणि बाहेरून आतवर उष्णता सरकायला तीन-साडेतीन तास, हे त्या पातेल्यात कधी नव्हतंच. बोट दाबायला आत जाणार कुठून?

तर थर्मामीटर. पण कुठे खुपसला हे महत्त्वाचं, आणि मला वाटतं तुमच्याकडे घोळ इथेच झाला. छातीत तो वरून उभा खुपसू नका. मानेच्या बाजूने, पाठीच्या समांतर, सगळ्यात जाड भागात आडवा सरकवा. सरकवताना आकड्याकडे बघत राहा: १७४, १६८, १६१, १५५, १५२, आणि मग पुन्हा १५६, १६०. जो सगळ्यात खाली दिसला तो खरा, इथे १५२. आणखी वेळ आहे, दार लावा. हाडाला टेकला तर आकडा फसवतो, थोडा मागे घ्या. मांडीत तो मांडी आणि धड जिथे जुळतात त्या घडीतून, सांध्याच्या दिशेने घालायचा, हाड टाळून. दोन्ही मांड्या बघा. ओव्हनच्या मागच्या बाजूची बहुतेक वेळा आधी तापते. तुमचा जुना, घड्याळासारखा तबकडीचा असेल तर तो दोन-अडीच इंच आत गेल्याशिवाय नीट वाचतच नाही. आणि तो खरं बोलतो का हे बघायला एक पेला बर्फाने भरून वर थोडं पाणी घाला, ढवळा, त्यात धरा. ३२ दाखवायला हवेत.

छातीत टोचून आलेलं ते प्लॅस्टिकचं बटण, जे ‘झालं’ म्हणून वर उडतं, त्याच्या नादी लागू नका. बहुतेक वेळा ते उडेपर्यंत छाती हातची गेलेली असते.

पण काका, तुमच्या प्रतिक्रियेतलं एक वाक्य वाचून मी खरी दचकले, आणि ते १६५ बद्दल नव्हतं. ‘बुधवारी रात्री फ्रीझरमधून काढून ओट्यावर ठेवली, सकाळपर्यंत छान सुटली.’ कृपा करून हे परत करू नका. १८० ला न्या नाहीतर २०० ला, याची भरपाई होत नाही. बाहेरचा थर तासन् तास ४० ते १४० च्या मधल्या पट्ट्यात बसतो, जिथे जंतू भराभर वाढतात, आणि त्यातल्या स्टॅफिलोकोकससारख्यांनी एकदा विष तयार केलं की ते विष भाजूनही जात नाही. दुसरीकडे आत, सांध्याशी, बर्फ तसाच. तुमची मांडी मागे पडली असेल तर त्याचं एक कारण हेच असणार. फ्रीजमध्ये दर चार-पाच पौंडांना एक दिवस धरा; चौदा पौंडांना तीन दिवस तरी. घाई असेल तर प्लॅस्टिकमध्ये गच्च बांधून गार पाण्यात, दर अर्ध्या तासाने पाणी बदलत, पौंडाला अर्धा तास.

धुण्याबद्दल. हळद-मीठ चोळून खळाखळा धुतल्याशिवाय आपल्याला कोंबडी कोंबडी वाटत नाही, मला कळतं. गावात पिसं काढून आणलेली कोंबडी धुवावीच लागते. पाकिटातली टर्की आधीच साफ झालेली असते, आणि नळाखाली जंतू जात नाहीत, उडतात. कृषी खात्याने २०१९ मध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठाबरोबर केलेल्या पाहणीत, कोंबडी धुणाऱ्यांपैकी ६० टक्के लोकांच्या सिंकमध्ये नंतर जंतू सापडले. गंमत म्हणजे न धुणाऱ्यांच्याही सॅलडमध्ये ते बऱ्याच ठिकाणी पोचलेच, कारण कच्च्या मांसाचे हात साबणाने धुतले नव्हते. तेव्हा शिसारी घालवायला टर्की कागदाने टिपून घ्या आणि धुण्याची सगळी हौस हातांवर फेडा. टिपल्याने कातडी कुरकुरीतही होते. दह्याचं मुरवण मात्र टर्कीला लावू नका; कातडी ओली राहते आणि मसाला करपतो. आलं-लसूण, मिरी, लोण्यात कालवून कातडीखाली सारा.

काकू टर्कीच्या पोटात जो मसालेभात भरतात त्याला मी वाईट म्हणणार नाही, चव जबरदस्त येत असणार. पण तो भात कच्च्या पक्ष्याचा रस पितो, म्हणून त्यालाही मध्यभागी १६५ लागतात, आणि तो सगळ्यात आतला, सगळ्यात शेवटी तापणारा. त्याची वाट बघताना छातीचे १८० होणारच. कदाचित तुमच्या शेजारणीचा आकडा घरात इतका टिकला तो या भातामुळेच. भात पातेल्यात करा आणि टर्कीच्या ट्रेमध्ये साठलेली चरबी वरून ओता.

अख्खी टर्की टेबलावर आणून सगळ्यांसमोर कापायची हौस नसेल, तर कणा कात्रीने कापून काढा आणि पक्षी उलगडून चपटा करा. मांड्या बाहेरच्या बाजूला, जास्त धगीत येतात, छाती मध्ये. ४२५ वर दीड तासाच्या आसपास काम होतं आणि दोन्ही आकडे जवळपास एकदमच लागतात. मी आता असंच करते. फोटो चांगला येत नाही, हे मान्य.

उरलेल्याचं तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते: जेवण झाल्यावर टर्की टेबलावर तशीच ठेवून पत्ते मांडू नका. दोन तासांच्या आत हाडावरून सोडवून, पसरट डब्यांत फ्रीजमध्ये. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाच्या जंतूच्या साथी अमेरिकेत बऱ्याचदा नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच होतात, आणि त्या नीट भाजलेल्या, पण नंतर कोमट राहिलेल्या टर्कीतून येतात. मांडीचं मांस दुसऱ्या दिवशी कांदा-खोबऱ्याच्या वाटणात घातलं की तुमचा तांबडा रस्सा होतो. तिथे थर्मामीटर नको, उकळी पुरे.

नाताळला पुन्हा करणार, ‘पण जुन्याच पद्धतीने’, असं तुम्ही बजावलं आहे. चौदा पौंडांची, पोट रिकामं, जेवण संध्याकाळी सहाला असं धरते. २१ च्या सकाळी फ्रीझरमधून फ्रीजमध्ये. २४ च्या संध्याकाळी मीठ चोळून, उघडीच फ्रीजमध्ये (वेष्टनावर मिठाचं पाणी टोचल्याचं लिहिलं असेल तर मीठ निम्मं). २५ ला दुपारी दीडला ३२५ च्या ओव्हनमध्ये. चारपासून मोजायला लागा. साडेचार ते सव्वापाचच्या दरम्यान होईल. छाती आधी आली आणि मांडी मागे राहिली तर पाय कापून परत आत ठेवा, छाती बाहेर झाकून विसावू द्या. पाहुण्यांना कळतही नाही. मग आकडे इथेच खाली लिहा. मांडीचेसुद्धा.