‘जुनं सगळं आठवतंय ना, मग काळजी नाही’ हे साफ खोटं आहे

बेळगाव-खानापूरच्या ग्रुपांवर फिरणारा मेसेज आता माझ्या आत्याच्या फोनवरही पोचलाय. त्यात तीन दावे आहेत: आईवडिलांना अल्झायमर असेल तर मुलांना होणारच, जनुक-तपासणी केली की निकाल आधीच कळतो, आणि म्हाताऱ्या माणसाला जुनं लख्ख आठवत असेल तर डॉक्टरची गरज नाही.

शेवटचा दावा सगळ्यांत घातक. अल्झायमरचा पहिला घाव बहुधा नवं साठवून ठेवणाऱ्या भागावर, हिप्पोकॅम्पसच्या परिसरात बसतो. सकाळची गोळी घेतली की नाही ते पुसलं जातं. 1986 चं कन्नडसक्तीविरोधी आंदोलन मात्र तोंडपाठ असतं, कारण ते शंभरदा सांगून झालंय. ‘आम्ही मोर्चात होतो’ ही झाली माहिती. शेजारी कोण होतं, घरी कुठल्या वाटेनं परतलात, ही खरी आठवण. अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या मॅथ्यू ग्रिली आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये नेमकं हेच दाखवलं. नेहमीच्या चाचण्यांत ठणठणीत ठरलेल्या मध्यमवयीन आणि वृद्ध लोकांपैकी ज्यांच्यात एपीओई जनुकाचा ई4 हा अल्झायमरचा धोका वाढवणारा प्रकार होता, त्यांनी सांगितलेल्या स्वतःच्या प्रसंगांत असे बारकावे कमी निघाले. हा गटाच्या सरासरीतला फरक आहे, त्यावरून घरी कुणाचं निदान करू नका.

घरी पाहायचं ते गेल्या वर्षभरात झालेला बदल. अर्ध्या तासात तोच प्रश्न परत येतो का, दुधाचा हिशेब चुकतो का, खडेबाजारातून घरी येताना वाट चुकते का. दोन आठवडे तारखेसह लिहा आणि तो कागद डॉक्टरांना दाखवा. ‘रविवारी आपण निपाणीला गेलो होतो ना?’ असं विचारलंत तर ‘हो’ येणारच; ‘रविवारी काय केलं?’ असं विचारा. स्मरणशक्तीची चाचणी मराठीतच घ्यायला सांगा. मराठी शाळेत शिकलेल्या आजीला कन्नडमधून प्रश्न विचारले तर गुण भाषेमुळे जातात आणि नसलेला आजार कागदावर चढतो. बी12, थायरॉईड, नैराश्य आणि ऐकू येणं हेही तपासून घ्या. यांवर उपचार होतात.

‘मुलांना होणारच’ यात अर्धसत्य आहे, तेवढं मान्य करतो. आई किंवा वडिलांच्या एपीपी, पीएसईएन1 किंवा पीएसईएन2 या जनुकांपैकी एखाद्यात दोष असेल तर प्रत्येक मुलाकडे तो जाण्याची शक्यता 50 टक्के असते आणि आजार सहसा पासष्टीच्या आत दिसतो. पण असे रुग्ण एकूण रुग्णांत एक टक्क्याहूनही कमी.

ई4 ची गोष्ट वेगळी. आई किंवा वडील यांपैकी एकाकडून आलेल्या एका प्रतीनं धोका साधारण तिप्पट होतो, दोघांकडून आलेल्या दोन प्रतींनी 8 ते 12 पट. तरी ई4 असून आजार न झालेले पुष्कळ आहेत, आणि नसून झालेलेही. ई4 निघाला म्हणून आज घ्यावी अशी प्रतिबंधक गोळी नाही. लेकानेमॅबसारखं अल्झायमरवरचं औषध सुरू करण्याआधी मात्र ही तपासणी हवीच, कारण दोन प्रती असलेल्यांत मेंदूला सूज येण्याचा आणि रक्तस्रावाचा धोका जास्त असतो. तो निर्णय न्यूरॉलॉजिस्टचा. तोवर तपासणीचे पैसे रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवण्यावर आणि कानाच्या यंत्रावर खर्च करा.